कूस कोण बदलणार?

वृद्धाश्रम बघायला नातेवाईक येतात ते बहुधा रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. अंगण झाडलेलं असतं, तुळशीला पाणी घातलेलं असतं, सभागृहात भजन रंगलेलं असतं. जेवणात काय देता, देऊळ जवळ आहे का, डिपॉझिट परत मिळतं का, हे सगळं विचारून होतं. एकच प्रश्न राहून जातो: रात्री दोन वाजता आईची कूस कोण बदलणार?

वृद्धाश्रमांवरचा आपला वाद या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही. एक पक्ष म्हणतो, आईवडिलांना आश्रमात ठेवणं हेच पाप. दुसरा म्हणतो, आमच्याकडे आणा, इथे अगदी घरच्यासारखं आहे. हे दोघं एकमेकांशी भांडतात, पण चूक एकच करतात. शुश्रूषा हे कष्टाचं, शिकून करायचं काम आहे, हे दोघांच्याही गावी नसतं.

आधी पहिला पक्ष. त्याचं म्हणणं असं की वृद्धाश्रम हे पाश्चात्त्यांचं खूळ. आपल्या एकत्र कुटुंबात म्हातारपण आपोआप निभावून जायचं. पण पुण्याच्या नवी पेठेत डेव्हिड ससून यांच्या नावाची निराधार वृद्धांची संस्था आहे, आज ती ‘निवारा’ म्हणून ओळखली जाते. तिची मुळं १८६०च्या दशकात जातात. वाडे माणसांनी भरलेले असतानाही बघायला कुणी नसलेली म्हातारी माणसं या शहरात होतीच.

आणि ‘आपोआप’ म्हणजे कसं? अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचं भांडं वाड्यात आपोआप उचललं जात नव्हतं. धाकटी सून ते उचलायची, नाहीतर माहेरी परतलेली विधवा आत्या. घरातलं शुश्रूषा केंद्र ती आत्याच होती, बिनपगारी, बिनरजेची. संस्कृतीवरच्या भाषणात तिचं नाव कधी येत नाही. आज ती आत्या नाही, सून सकाळच्या लोकलला लटकलेली आहे, आणि नव्वदीच्या आईला उचलू पाहणारा मुलगा स्वतःच ज्येष्ठ नागरिक आहे, कमरेला पट्टा बांधून फिरणारा.

‘मग ब्युरोची मावशी ठेवा की!’ जरूर ठेवावी, जमतं तोवर. पण एकट्या मावशीला जड माणूस सुरक्षित उचलता येत नाही, बारा तासांची पाळी संपल्यावर उरलेले बारा तास शिल्लकच राहतात, आणि ती गावी गेली की घर हवालदिल होतं.

आईवडिलांना टाकून देणारी मुलं असतात, हे खरंच आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. पण टाकणं आणि ठेवणं यांतला फरक पत्त्यावरून ठरत नाही. आठवड्याला येऊन आईची पाठ उघडून बघणारी मुलगी तिला ठेवते. आईच्याच घरात शेजारच्या खोलीत राहून जो दिवसभर डोकावत नाही, तो मुलगा तिला टाकतो.

आता दुसरा पक्ष, ‘घरच्यासारखं’वाला. बाग, भजन, वाढदिवसाचा केक, अष्टविनायकाची सहल: या सेवा चांगल्याच आहेत, पण त्या चालत्याफिरत्यांसाठी. माहितीपत्रक उलटून नियम वाचले, तर अनेक ठिकाणी एक ओळ सापडते: ‘रहिवाशाला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे.’ अंथरूण धरलं की घरी न्या, असा तिचा अर्थ. छत्री विकायची, आणि पाऊस सुरू झाला की परत मागायची!

‘स्वतःचं स्वतः’ म्हणजे काय, याचं मोजमाप अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडलं. अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि घास तोंडात घालणं, या सहा गोष्टी. यातली एकेक सुटत जाते तशी शुश्रूषेची गरज वाढत जाते. आपल्या आरोग्यविम्याचं पुस्तक उघडा. वगळलेल्या खर्चांच्या यादीत अंघोळ, कपडे, हालचाल यांसाठीची मदत स्पष्ट नोंदलेली आढळेल. जपानने नेमक्या याच मदतीसाठी २००० साली वेगळा विमा सुरू केला. चाळिशीपासून पुढे प्रत्येकाला त्याचा हप्ता भरावा लागतो.

आमचा कायदाही इथे अडखळतो. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम असावा, असं २००७चा कायदा म्हणतो. तिथल्या सेवांचा दर्जा ठरवायची वेळ येते तेव्हा तो वैद्यकीय उपचार आणि करमणूक एवढीच नावं घेतो. गोळी आणि टीव्ही यांच्या मधे जे अख्खं आयुष्य उरतं, त्याला कायद्यात शब्द नाही. ‘नर्सिंग होम’ हा शब्द होता, तो आपण बाळंतपणाच्या आणि अपेंडिक्सच्या छोट्या इस्पितळांना देऊन टाकला.

मग खरी सेवा कशी असते? ती पाठीवर दिसते. खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर कातडी लाल होते, मग फुटते, आणि जखम हाडापर्यंत जाते. एअर बेड आणला म्हणून कूस बदलायचं सुटत नाही. ती घासात दिसते. पक्षाघात झालेल्याला पातळ चहासुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून ताठ बसवून, घास गिळल्याची खात्री करत भरवायचं, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. स्मृतिभ्रंशात ती संध्याकाळी दिसते. दिवे लागले की आजी पिशवी भरून ‘घरी जायचंय’ म्हणत दाराशी येतात. त्यांना पलंगाला बांधून ठेवणं सोपं, झोपेची गोळी देणं त्याहून सोपं. हात धरून ‘चला, जाऊ या’ म्हणत व्हरांड्याच्या चार फेऱ्या मारणं ही शुश्रूषा. त्याला माणूस लागतो, आणि त्या माणसाला प्रशिक्षण, रीतसर पगार आणि सुट्टी.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वृद्धाश्रम असावेत की नसावेत, हा वाद आता पुरे. आपण मागायचं ते हे: शेवटपर्यंत सांभाळणारी शुश्रूषागृहं, रात्रपाळीत किती जणांमागे किती हात याचा नियम, आणि मावशीच्या कामाला कौशल्याचा दर.

तोवर वाचकांना एक विनंती. रविवारी सकाळी जाऊ नका. आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी, रात्रीच्या जेवणानंतर जा. भजनाच्या खोलीऐवजी खिळलेल्यांची खोली दाखवा म्हणा. दारातून आत पाऊल टाकताना वास घ्या. रात्रपाळीच्या मावशींना नाव विचारा, त्यांच्या वाट्याला किती जण आहेत ते विचारा. आणि कूस बदलल्याची नोंदवही मागा. ती वही नसेल, तर देऊळ कितीही सुंदर असो, आईला तिथे ठेवू नका.