शंभरातले दोन गुण

बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना एकच खाज सुटते: राज्यातली टॉपची कॉलेजं. पानभर तक्ता, वर मुंबई, खाली पुणे, मधे कुठंतरी चवीपुरतं नागपूर. पवईची आयआयटी, माटुंग्याची आयसीटी आणि व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी, फर्ग्युसन, झेवियर्स. वर्षानुवर्षं हीच नावं एकमेकांच्या पुढेमागे सरकत राहतात आणि त्यालाच तुलना म्हणतात. आमच्या अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर लोक तो तक्ता कापून ठेवतात. मग कुणीतरी तो घेऊन दारात येतं, "भाऊ, पोरीला कुठं घालू? यातलं कुठलं भारी?"

तक्ता चुलीत घाल, हे माझं उत्तर. ते उद्धट वाटतं, म्हणून कारणं देतो.

केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी 2016 पासून निघते. विद्यापीठांसाठी तिचे शंभर गुण असे वाटलेले आहेत: अध्यापन आणि साधनं 30, संशोधन 30, पदवीनंतर विद्यार्थ्यांचं काय झालं याला 20, सर्वसमावेशकतेला 10, नावलौकिकाला 10. कॉलेजांसाठी पहिल्या तिघांचं वजन थोडं बदलतं, शेवटचे दहा-दहा तसेच राहतात. आता त्या सर्वसमावेशकतेच्या दहाची चिरफाड करा. त्यातले तीन गुण परराज्यातून आणि परदेशातून विद्यार्थी आणल्याबद्दल, तीन मुली आणि शिक्षिकांच्या प्रमाणासाठी, दोन दिव्यांगांच्या सोयींसाठी. आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागे राहिलेल्या घरांतल्या मुलांसाठी? दोन. शंभरातले दोन. म्हणजे पुण्याच्या एखाद्या खासगी विद्यापीठाने दिल्ली-कोलकात्याहून मोटारीतून उतरणारी पोरं भरली तर त्याला तीनपर्यंत गुण. श्रीवर्धनच्या कॉलेजाने जीवना बंदरावरच्या कोळणीची पोर शिकवली, तिच्या घरात त्याआधी कुणी बारावी पाहिली नव्हती, तर या खात्यावर फार तर दोन. हा हिशेब मांडणारे दिल्लीतले विद्वान सर्वसमावेशकतेवर भाषणं छान करतात.

नावलौकिकाचे दहा गुण तर विनोदच आहे. प्राध्यापकांना आणि नोकऱ्या देणाऱ्यांना विचारायचं, कुठल्या संस्थेबद्दल तुमचं मत चांगलं आहे? ज्याचं नाव आधीच कानावर आहे त्याला गुण, मग गुण मिळाले म्हणून पुन्हा नाव कानावर. आमच्या तालुक्याचा नावलौकिक काय, हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे: 'अलिबागसे आया है क्या?' त्यावर बंदी घाला म्हणून 2019 मध्ये एक अर्ज मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. कोर्टाने तो फेटाळला, आणि बरोबरच केलं, विनोदावर कसली बंदी. पण ज्या गावाच्या नावाने बावळटपणा मोजतात, त्या गावातल्या कॉलेजाला नावलौकिकाचे गुण कुठला एचआर मॅनेजर देणार? याच अलिबागेत 1904 पासून भूचुंबकीय वेधशाळा चालू आहे. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार आणि कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून ती इथं आणली. तिच्या नोंदी जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. तेव्हा साहेबाला शांत जागा हवी होती म्हणून अलिबाग चाललं.

मुळात हे तक्ते काय मोजतात? पंच्याण्णव टक्केवाली पोरं आत घ्यायची, तीन वर्षांनी पंच्याण्णव टक्केवालीच बाहेर सोडायची आणि मधल्या काळाचं श्रेय घ्यायचं. बाजारातल्या कोळणीने टोपलीतलं पापलेट दाखवून 'हे मीच वाढवलं' म्हणावं, तसं आहे हे. ती बिचारी असं कधी म्हणत नाही. अठ्ठेचाळीस टक्क्यांची पोर घेऊन तिला बँकेच्या परीक्षेपर्यंत नेणारा मास्तर कुठल्याही तक्त्यात दिसत नाही, कारण पोर आत येताना कुठं होती आणि बाहेर पडताना कुठं पोचली, हे मोजणारा रकानाच नाही.

बरं, जे मोजतात ते तरी स्थिर आहे का? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ 2024 च्या यादीत विद्यापीठांमध्ये 23 वं होतं, 2025 मध्ये 56 वं. एका वर्षात तिथले प्राध्यापक विषय विसरले की ग्रंथालय वाहून गेलं? या क्रमवारीची बरीचशी माहिती संस्था स्वतःच भरून देतात. कॉलेजांची पाहणी करून श्रेणी देणारी नॅक हा तर वेगळाच तमाशा. समिती येणार म्हटल्यावर एका कॉलेजात भिंती रंगल्या, भाड्याच्या कुंड्या मांडल्या, लेझीम पथक उभं राहिलं आणि कधीही न उघडणारी प्रयोगशाळा उघडी दिसली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फेब्रुवारी 2025 मध्ये तर आंध्रातल्या एका संस्थेला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीच्या अध्यक्षासह सदस्यांना अटक केली. कुंड्यांवर भागत होतं तेच बरं होतं म्हणायचं.

मुंबई विद्यापीठ, स्थापना 1857. आमच्या जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं याच्याच पदराखाली. 2017 मध्ये पुरेशी तयारी न करता पेपर संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. परदेशी प्रवेश हुकले, नोकऱ्या हुकल्या, शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. त्याच विद्यापीठाला 2021 मध्ये नॅकची ए प्लस प्लस श्रेणी मिळाली, गुण चारपैकी 3.65. मुरूडच्या पोराने एका चुकलेल्या मार्कशीटसाठी कलिन्याला, विद्यापीठाच्या दारात हेलपाटे घातले, त्याला या प्लसचं काय करायचं होतं?

तुमच्या जिल्ह्यातच विद्यापीठ आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. लोणेऱ्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, 1989 च्या कायद्याने आलेलं. 2014 मध्ये कायदा बदलला आणि त्याला राज्यभरची तंत्रशिक्षणाची कॉलेजं जोडायची मुभा मिळाली. आता नांदेडच्या इंजिनीअरिंगच्या पोराच्या पदवीवर लोणेऱ्याचं नाव छापलेलं असतं, आणि लोणेऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या माणगावातला बी.कॉम.चा पोरगा पदवी मुंबईहून आणतो. ही व्यवस्था ज्यांनी आखली त्यांच्या डोक्याला कुठल्या यादीत कितवा क्रमांक द्यायचा?

आमच्याकडच्या सत्कार समारंभांत चिंतामणराव देशमुखांचं नाव हमखास निघतं. महाड तालुक्यातल्या नाते गावात जन्मलेला मुलगा, 1912 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. 'जिद्द असली की कुठूनही वर येता येतं', असं म्हणून पुढारी नारळ फोडतात आणि निघतात. अहो, एक देशमुख शंभर वर्षांपूर्वी निघाला, हा बाकीच्या हजारोंना वाऱ्यावर सोडण्याचा परवाना नव्हे. चिंतामणरावांच्या नावाने रोह्यात कॉलेज आहे. त्यांना हार घालणाऱ्यांनी आपल्या नातवाला त्या कॉलेजात घातलेलं मला दाखवा.

आता खरी तुलना करू. राज्यात प्राध्यापकभरती वर्षानुवर्षं रखडलेली आहे. जागा मंजूर, माणूस नाही, वर्ग मात्र चालू. तो चालवतो तासिकेवाला: नेट-सेट पास, कधीकधी पीएच.डी., तासाप्रमाणे पैसे, तेही वेळेवर नाहीत, आणि परीक्षेच्या व सुट्टीच्या महिन्यांत शून्य. असा माणूस दोन कॉलेजांत धावून शिकवतो, संध्याकाळी क्लास घेतो आणि त्याने स्कोपसमधल्या जर्नलात शोधनिबंध लिहावा अशी अपेक्षा असते, कारण संशोधनाला गुण आहेत. जागा सरकारने रिकाम्या ठेवायच्या, मग रिकाम्या जागांबद्दल कॉलेजाचे गुण कापायचे.

आणि अंतर. प्रवेशाच्या फेऱ्या ऐन पावसात चालतात, तेव्हा मांडव्याच्या लाँच बंद असतात. मग अलिबागची पोर एसटीने पेण-पनवेल करत मुंबई गाठते. दक्षिणेकडची पोरं मुंबई-गोवा महामार्गावर हाडं खिळखिळी करून घेतात, ज्याचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकारने माफ केलं. निर्णय चांगला, मनापासून म्हणतो. पण माटुंग्यातल्या कॉटबेसिसचं भाडं आणि मेसचे पैसे कोण माफ करणार? आमच्याकडे पोरीचं शिक्षण फीवर अडत नाही, शेवटच्या एसटीवर अडतं. साडेपाचची गाडी चुकली की बाप सांगतो, उद्यापासून नको जाऊस.

म्हणून तक्ता घेऊन आलेल्याला मी सांगतो: कॉलेजाच्या ऑफिसात जा. मंजूर पदं किती, भरलेली किती, विचार. तुझ्या पोरीच्या विषयाला कायमचा शिक्षक आहे का, विचार. 'सर्वाधिक पॅकेज' लिहिलेला फ्लेक्स बघू नकोस. सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधल्या पोराला किती मिळाला ते विचार. एनआयआरएफमध्ये उतरलेल्या संस्थेला हा आकडा भरून द्यावा लागतो आणि आपल्या वेबसाइटवर ठेवावा लागतो, त्यामुळे 'माहीत नाही' म्हणाले तर समज काय ते. वसतिगृहात खाटा किती आणि शेवटची गाडी किती वाजता, तेही विचार. संस्थाचालक उत्तर देणार नाही, तो तुला चहा देईल. क्लार्क मात्र बाहेर व्हरांड्यात येऊन सगळं सांगेल, कारण त्याचा सख्खा भाऊ तिथंच तासिकेवर असतो.