कऱ्हेकाठचे आज्ञावलीकार

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी, कुसुमाग्रजांच्या प्रतिमेला हार घातला की पुढचा विधी संगणकवाल्यांची टिंगल हा असतो. दीपप्रज्वलन आणि आभारप्रदर्शन यांच्यामध्ये कुणीतरी प्राध्यापक उठतात आणि सांगतात की आजचा तरुण कविता वाचत नाही, कोड लिहितो. त्याला भावना नसतात, फंक्शने असतात. त्याने प्रेमपत्र लिहिले तरी प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम देईल. सभागृह हसते. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या महाविद्यालयांत वीसेक वर्षे मराठी शिकवणारा प्रस्तुत लेखकही या हसण्यात नेमाने सामील होत आला आहे. यंदा मात्र हसू आले नाही. का आले नाही, ते सांगण्यासाठी हा खटाटोप.

संगणकवाले टिंगलीला पात्र नाहीत असे कुणी समजू नये. इंदापूर तालुक्यात एके काळी इंजिनिअर म्हणजे वालचंदनगरचा माणूस. त्याच्या हाताला तेल असे, आणि त्याने घडवलेली यंत्रे साखर कारखान्यांत धडधडताना दिसत. आताचा इंजिनिअर काय घडवतो हे त्याच्या आईला सांगता येत नाही, आणि पुष्कळदा त्यालाही. या जमातीत संपादकावरून धर्मयुद्धे झाली आहेत, आणि संपादक म्हणजे माणूस नव्हे, मजकूर टंकण्याची साधने: एक 'व्हीआय', दुसरे 'ईमॅक्स'. ओळ आत सरकवताना टॅबची कळ दाबावी की स्पेसची, यावर या लोकांनी जेवढे वाद घातले तेवढे आम्ही ऱ्हस्व-दीर्घावरही घातले नसतील. १९६८ साली डाइकस्ट्रा नावाच्या थोर संगणकशास्त्रज्ञाने 'गो टू' ही आज्ञा घातक आहे असे पत्र एका नियतकालिकाला धाडले. त्याचा गाजलेला मथळाही त्याचा स्वतःचा नव्हता, संपादक निक्लाउस विर्थ यांनी दिलेला होता. तेव्हापासून अमुक घातक, तमुक घातक अशा मथळ्यांच्या लेखांचा जो पूर आला तो ओसरलेला नाही. हे वाचून आपण हसतो आणि लगेच चर्चासत्रासाठी '... : एक चिंतन' असा निबंध टंकायला बसतो. असो.

पण एक गोष्ट आमच्या व्यासपीठावरच्या विनोदवीरांना ठाऊक नसते. संगणकवाल्यांची सर्वांत निर्दय टिंगल संगणकवाल्यांनीच केलेली आहे. १९७२ साली प्रिन्स्टनच्या दोन विद्यार्थ्यांनी 'इंटरकॅल' नावाची भाषा रचली. तिच्यात आज्ञा देताना मधूनमधून 'प्लीज' म्हणावे लागते. फार कमी वेळा म्हटले तर कार्यक्रम पुरेसा विनम्र नाही म्हणून नाकारला जातो. फार जास्त वेळा म्हटले तर लाळघोटेपणा केला म्हणून नाकारला जातो. आपल्या मंत्रालयीन पत्रव्यवहाराचे याहून नेमके विडंबन मराठीत झालेले माझ्या पाहण्यात नाही. १९९८ च्या १ एप्रिलला आंतरजालाच्या अधिकृत मानकांच्या मालिकेत कॉफीयंत्राशी बोलण्याचा एक नियमसंच प्रसिद्ध झाला. चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितले तर तिने '४१८ : मी किटली आहे' असे उत्तर द्यावे, अशी त्यात तरतूद आहे. मराठी समीक्षेने स्वतःच्या परिभाषेची अशी थट्टा कधी केली? आम्ही 'जाणिवा', 'नेणिवा' आणि 'आशयसूत्र' इतक्या गंभीर चेहऱ्याने उच्चारतो की किटलीनेही लाजावे.

आणि जिथे हसायला हवे तिथे आम्ही टाळ्या वाजवतो. प्रमुख पाहुणे उठतात आणि सांगतात, संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा संस्कृत आहे असे 'नासा'ने सिद्ध केले आहे. या दंतकथेचे मूळ १९८५ सालच्या एका लेखात आहे. तो रिक ब्रिग्ज यांनी 'एआय मॅगझिन'मध्ये लिहिला होता, आणि विषय होता संस्कृत वैयाकरणांची वाक्यविश्लेषणाची रीत व ज्ञान संगणकात मांडण्याची रीत यांतले साम्य. संस्कृतात आज्ञावल्या लिहिण्याशी त्याचा संबंध नव्हता. त्याच्या अठरा वर्षे आधी, १९६७ साली, संगणकभाषांच्या व्याकरणलेखनपद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे अशी सूचना इंगरमन या गृहस्थांनी पत्रातून केली होती. ती सूचना खरी आणि जास्त सन्मानाची; पण ती कुणी सांगत नाही, कारण तिच्यात 'नासा' नाही.

आता मुख्य मुद्दा. हे सारे जिथे घडते ते बारामती मोरोपंतांचे गाव आहे.

१७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी आले, पुराणे सांगत राहिले आणि १७९४ साली इथेच वारले. त्यांची आर्या, शास्त्राने पाहता गीती, मोजून मापून चालते: बारा मात्रा, अठरा मात्रा, पुन्हा बारा, पुन्हा अठरा. या साच्यात त्यांनी सारे महाभारत ओतले. परंपरा म्हणते की त्यांनी एकशे आठ रामायणे रचली. उपलब्ध रामायणांची नुसती नावे वाचली तरी हा मनुष्य काय करीत होता ते कळते. त्यांतले एक निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लावून उच्चारायचे वर्ण वर्ज्य. जरा थांबून याचा अर्थ पाहा. 'म' वर्ज्य म्हणजे 'राम' वर्ज्य. भरत नाही, लक्ष्मण नाही, हनुमान नाही, बिभीषण नाही. सीता आहे, दशरथ आहे, पण ज्याची कथा सांगायची त्याला सरळ नावाने हाक मारता येत नाही. दाशरथी, जानकीनाथ अशा आडवाटांनीच त्याच्यापर्यंत जायचे. क्लृप्ती जुनी आहे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'तला मंत्रगुप्त ओठ दुखावल्यामुळे आपली हकिकत ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो. पण एकच कथा, दर वेळी नवा नियम, आणि हे पुन्हापुन्हा, आयुष्यभर: ही वृत्ती आज कुठे दिसते? भिगवण रस्त्यावरच्या अभियांत्रिकीच्या वसतिगृहात रात्री दोन वाजता जागा असलेला मुलगा, ज्याने चाळीस ओळींत चालणारा कार्यक्रम पुन्हा सात ओळींत बसवायला घेतला आहे, तो मोरोपंतांचा खरा वारस आहे. आमच्या विभागातला कुणी नव्हे.

आमच्या विभागाने मोरोपंतांचे काय केले? 'पंडिती', 'कृत्रिम', 'शब्दांची कसरत' अशी तीन बिरुदे देऊन त्यांना प्रश्नपत्रिकेतल्या टीपेपुरते ठेवले. चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांची बाजू हिरिरीने लढवली होती. ती आम्ही चिपळूणकरांच्या शैलीचा नमुना म्हणून शिकवतो, मोरोपंतांसाठी नव्हे. याच आमच्या वर्गात फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक यांचे नाव आदराने घेतले जाते, कारण १९६९ साली त्यांनी 'ई' हे अक्षर न वापरता अख्खी कादंबरी लिहिली. पॅरिसमध्ये एक अक्षर गाळले तर तो प्रयोग, आणि बारामतीत अख्खा वर्ग गाळला तर ती कसरत! ज्यांनी नियमांशी खेळणाऱ्या आपल्या सर्वांत मोठ्या कवीला हसून बाहेर काढले, त्यांना नियमांशी खेळणाऱ्या पोरांना हसण्याचा अधिकार कुठून आला, हा माझा प्रश्न आहे.

तरीही संगणकवाल्यांना हसावे, आणि कडक हसावे, अशी एक जागा आहे. ती आमच्या विनोदवीरांना सापडलेली नाही. मोरोपंतांना आपला नियम काय गिळतो ते पक्के ठाऊक होते. निरोष्ठ रामायणात 'राम' येत नाही हे विसरणे त्यांना शक्यच नव्हते. एकशे आठ वेळा कथा सांगितली याचे कारण एका साच्यात ती मावत नाही हे असावे, असे मला वाटते. (विद्वानांनी यावर मला जरूर झोडावे.) संगणकसंस्कृतीचा दोष असा की जे साच्यात मावले तेवढेच होते, अशी तिची भाबडी समजूत असते.

कऱ्हेचेच पाहा. या नदीच्या नावातला 'र' हा मराठीचा खास 'र' आहे, ज्याला पापणीचा किंवा आडवा र म्हणतात. मराठी टंकनाच्या पहिल्या काळात कित्येक साधनांवर तो उमटतच नसे. कऱ्हेची 'कर्हा' होई, आणि वाऱ्याचे 'वार्या' होई. पुढे युनिकोडमध्ये तो लिहिण्याचे दोन मार्ग झाले. दिसायला अक्षर एक, आत साठवण वेगळी. एका मार्गाने टंकलेली नदी साध्या शोधात दुसऱ्या मार्गाने सापडत नाही. 'ॲ' या स्वराला स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. तोवर आपण ॲसिडिटी आणि ॲडमिशन सोसत होतो, पण तो स्वर मानकाच्या दृष्टीने जन्मला नव्हता.

अक्षरांचे एक वेळ सोडा. २०२५ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांनी बारामतीच्या उसाची कहाणी जगाला सांगितली, इलॉन मस्क यांनी तिला एका ओळीची दाद दिली, आणि आमच्याकडे सणासारखे वातावरण झाले. इथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रकल्पात उपग्रहाची छायाचित्रे, हवामानकेंद्र आणि मातीतले संवेदक यांचा विदा गोळा होतो, आणि पाणी किती, खत किती, तोडणी कधी हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळते. पाणी आणि खत वाचत असेल तर त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. उजनीच्या आणि नीरेच्या पाण्यासाठी भांडलेल्या माणसांना त्याची किंमत कळते. पण ऊस तयार झाला असे यंत्राने सांगितल्यावर तो तोडायला कोण येते? कोयता येतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठल्याही कारखान्याच्या रानात जा. बीड-अहिल्यानगरकडून आलेली माणसे तिथे कोयत्यांत मोजली जातात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक नग. उचल कोयत्याला मिळते, खाडा कोयत्याला लागतो. संगणकशास्त्राची मुले 'ॲबस्ट्रॅक्शन' हा शब्द मोठ्या श्रद्धेने उच्चारतात: तपशील झाका, फक्त कामापुरते नाव ठेवा. मुकादमाने ही विद्या कोणत्याही पदवीशिवाय आत्मसात केली होती. त्या नावात काय झाकले गेले होते ते २०१९ साली दिसले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न तेव्हा विधिमंडळापर्यंत गेला, आणि खाड्याची भीती हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. साखरेचा उतारा आकाशातून पाहणाऱ्या आज्ञावलीत कोयत्याची फोड करून पाहण्याचे कलम कुणी घातले आहे काय? आणि आम्ही भाषेचे लोक, ज्यांनी 'कोयता' या शब्दाचे पृथक्करण करायचे, ते प्रेमपत्रातल्या अर्धविरामावर हसत बसलो होतो.

म्हणून यंदा कार्यक्रमानंतर वर्गात एक उद्योग केला. ऊसतोडीवर एक परिच्छेद लिहायचा, अट निरोष्ठ. शास्त्राप्रमाणे उ-ऊ आणि व यांवरही बंधन येते. आम्ही सवलत घेतली आणि फक्त प, फ, ब, भ, म गाळले. वीस मिनिटांत फळ्यावर दोन याद्या झाल्या. ऊस राहिला, कोयता राहिला. टोळी, तोडणी, टन, उतारा, साखर, कारखाना, उचल, खाडा: सगळे बसले. माणूस बसला नाही. मजूर, मुकादम, काम, भूक, भाकर, पाणी, बीड यांतले काहीही बसेना. नवरा राहिला, बायको गेली. शाळा राहिली, मूल गेले. आई तेवढी राहिली, याचे मुलींना बरे वाटले. गर्भाशय हा शब्द एकीने न बोलता दुसऱ्या यादीत लिहिला. अर्थात हा वर्णमालेचा योगायोग. त्यावर कुणी प्रबंध लिहू नये. 'नियम' हा शब्दही नियमात बसत नाही, हे मागच्या बाकावरून कुणीतरी दाखवून दिले.

मग संगणकशास्त्राच्या वर्गातली दोन मुले बोलावली. त्यांनी मजकुरातला पवर्ग हुडकणारी चार-पाच ओळींची आज्ञावली तिथल्या तिथे लिहिली आणि सगळे परिच्छेद तिच्यातून काढले. मुलांच्या लेखनात तीन चुका निघाल्या. चौथी फळ्यावर मी नमुना म्हणून लिहिलेल्या वाक्यात होती: कोयता येतो, ऊस तोडतो, उचल फेडतो. 'फेडतो'मधला फ माझ्या आणि साठ विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटला होता. तो शब्द खोडला. त्याजागी एका मुलीने 'चुकवतो' सुचवले. चुकवणे म्हणजे चुकते करणे, आणि चुकवणे म्हणजे टाळणेही. तेव्हा तो घ्यावा की घेऊ नये, यावर वाद सुरू झाला आणि तास संपला.