जनुक शाबूत, पण काम बंद

काही बाळांचे जुलाब, न्यूमोनिया काही केल्या हटत नाहीत. रोगजंतूंचे तुकडे पांढऱ्या पेशींना दाखवणाऱ्या प्रथिनांची जनुके त्यांच्यात शाबूत असतात, पण ती चालूच होत नाहीत. १९९३ साली जिनिव्हात बर्नार्ड माख यांच्या चमूला त्याचे एक कारण सापडले. 'सीआयआयटीए' नावाच्या सहायक प्रथिनात दोष होता. हे प्रथिन डीएनएला स्वतः चिकटत नाही. तेथे बसलेल्या प्रथिनांना येऊन मिळते, तेव्हा जनुकाची नक्कल सुरू होते. गिरणीत साचे ठीक, कामगार हजर; पण जॉबरने सांगितल्याशिवाय खाते सुरू होत नसे, तसेच हे. दोष आईबाप दोघांकडून येतो. एकट्या आईला बोल लावू नका. निरोगी अस्थिमज्जेच्या रोपणाने असे बाळ बरे होऊ शकते. म्हणून बाळ सतत आजारी असेल तर मोठ्या इस्पितळात रक्त तपासून घ्या.