शाळेची पीडीएफ टॉकबॅक का वाचत नाही?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम १६ सांगतं, शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि सर्वसमावेशक शिक्षण द्यावं. ठीक. प्रवेश झाला. मग वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फळ्याचा फोटो येतो, खाली 'उद्याचा गृहपाठ'. अंध मुलाच्या फोनवर टॉकबॅक एवढंच सांगतो की फोटो आलाय.

कारण स्क्रीन रीडर चित्र बघत नाही, चित्रामागचा मजकूर वाचतो. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मजकूरच नसतो. त्याहून वाईट म्हणजे कृतिदेवसारखे जुने फॉन्ट. तुम्हाला दिसतो 'क', फाइलमध्ये मात्र असतो इंग्रजी 'd'. फॉन्ट त्याला फक्त देवनागरी मुखवटा चढवतो. टॉकबॅक बिचारा 'डी' म्हणतो. युनिकोडमध्ये 'क' हा खरंच 'क' असतो.

८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सुगम्यतेचे निकष बंधनकारक करायला केंद्राला ३ महिने दिले. ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल सुविधा वापरता येणं हा कलम २१ चा भाग मानला. निकाल चांगलेच आहेत, पण माझ्या मते गाडी अडते ती शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. तिथे फॉन्ट बदलायला पैसे लागत नाहीत, कुणीतरी सांगावं लागतं. (सवयीचा कीबोर्ड सुटत नाही, हे मान्य.)

तुमच्या शाळा-कॉलेजची एखादी नोटीस उघडा, त्यातली ओळ कॉपी करून मेसेजमध्ये पेस्ट करा. मराठी उमटली तर टॉकबॅकलाही वाचता येईल. इंग्रजी अक्षरांची खिचडी आली, किंवा ओळ सिलेक्टच झाली नाही, तर ती नोटीस टाइप करणाऱ्याला दाखवा.