घरबसल्या हिशेबनीस : प्रमाणपत्र कोणाचे, लाभ कोणाचा?

जानेवारी आणि जुलै या दोन प्रवेशसत्रांच्या तोंडावर देशभरातील लहानमोठ्या शहरांत एकाच जातीच्या जाहिरातींना भरती येते. ‘घरबसल्या हिशेबनीस व्हा’, ‘तीन महिन्यांत अकाउंटंट’, ‘नोकरीची हमी’. पूर्वी या जाहिराती वर्तमानपत्रांच्या चौकटींत आणि एस.टी. स्थानकांच्या भिंतींवर असत. आता त्या मोबाइलच्या पडद्यावर येतात, एवढाच फरक. ज्यांना उद्देशून त्या केलेल्या असतात तो वर्गही बदललेला नाही. कारखान्याच्या फाटकावर हजेरी लिहिणारा तरुण, कापडाच्या पेढीवर पडेल ते काम करणारा पदवीधर, लग्नानंतर शिक्षण तुटलेली आणि आता मिळकतीची निकड असलेली गृहिणी, यंत्रमाग थंडावल्यावर मुलांपैकी एकाला तरी कचेरीतले काम लागावे म्हणून धडपडणारे कुटुंब. दिवसा महाविद्यालयात जाऊन बसण्याची सवड यांपैकी कोणालाही नाही. दूरशिक्षणावाचून त्यांना दुसरी वाट नाही, आणि म्हणूनच त्या वाटेवर कोण जकातीचा नाका उभारून बसले आहे हे पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण जाहिराती ती हेतुपुरस्सर धूसर ठेवतात. भारतात दुकानाचा, कारखान्याचा वा संस्थेचा जमाखर्च लिहिण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. कायद्याने राखून ठेवलेले काम आहे ते हिशेबतपासणीचे. कंपन्यांची वैधानिक तपासणी सनदी लेखापालच करू शकतो, आणि ती सनद १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली सनदी लेखापालांची संस्थाच देते. कीर्द लिहिणे, खतावणी करणे, तेरीज काढणे, बँकेच्या उताऱ्याशी रोकडवही ताडून पाहणे, ही कामे ज्याला येतात त्याला ती करण्यास कायद्याची आडकाठी नाही. तेव्हा ‘सरकारमान्य हिशेबनीस’ हे बिरुद ऐकायला भारदस्त असले तरी त्याच्या पाठीशी कायद्याचे कलम नाही. नोकरी देणारा मालक विचारतो ते प्रश्न फार साधे असतात. टॅली येते का? वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरता येतात का? पगारपत्रकातून भविष्यनिर्वाह निधीची कपात काढता येते का? १ जुलै २०१७ पासून हा कर लागू झाल्यानंतर लहानातल्या लहान नोंदणीकृत व्यापाऱ्यामागेही विवरणपत्रांचा ससेमिरा लागला, आणि हिशेबाची जाण असलेल्या माणसांची गरज खरोखरीच वाढली. मागणी खरी असल्यामुळेच तिच्या नावावर होणारी दिशाभूल सहज खपून जाते.

याचा अर्थ असा की, पैसे भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःशी एक निवाडा केला पाहिजे : त्याला पदवी हवी आहे की कसब? दोन्हींचे बाजार वेगळे आहेत आणि दोन्हींतली फसवणूकही वेगळी आहे.

पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याने केवळ विधिवत् स्थापन झालेल्या विद्यापीठांना आणि संसदेने अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. हा नियम कागदावर किती सहज वाकवता येतो, याचा धडा छत्तीसगढने देशाला दिला आहे. २००२ साली त्या राज्याने असा कायदा केला की नुसत्या अधिसूचनेने खाजगी विद्यापीठ जन्माला यावे. पाहता पाहता शंभराहून अधिक विद्यापीठे निघाली, आणि त्यांतील कित्येकांजवळ इमारत, ग्रंथालय, अध्यापक यांपैकी काहीच नव्हते. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये त्या कायद्यातील संबंधित तरतुदी रद्दबातल ठरवल्या आणि ही विद्यापीठे एका फटक्यात नाहीशी झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना स्थगिती दिली. त्या पदव्यांच्या जोरावर बढती मिळवलेल्या माणसांना ऐन नोकरीत पुन्हा परीक्षेचा प्रश्न सामोरा आला. हिशेबाचा अभ्यासक्रम अभियांत्रिकीचा नव्हे, हे खरे. परंतु संस्थेने केलेल्या नियमभंगाचा दंड शेवटी विद्यार्थ्याला भरावा लागतो, हे दोन्ही ठिकाणी सारखेच.

म्हणून विद्यापीठाचे नाव मोठे आहे एवढ्यावर विसंबून चालणार नाही. दूरशिक्षणाची मान्यता पूर्वी दूरशिक्षण परिषद पाहत असे. २०१३ पासून ते काम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाकडे आले. या विभागाच्या यादीत विद्यापीठाबरोबरच नेमका तो अभ्यासक्रम आणि नेमके ते प्रवेशवर्ष आहे की नाही हे पाहिले पाहिजे, कारण एका विद्यापीठाच्या वाणिज्य पदवीला मान्यता असून त्याच्याच दुसऱ्या अभ्यासक्रमाला ती नसणे अगदी शक्य आहे. तसेच प्रवेश विद्यापीठाकडे घ्यायचा की मधल्या एखाद्या कंपनीकडे, हेही पाहावे. शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांना मक्ता देऊन अभ्यासक्रम चालवण्यास नियमांनी मनाई आहे, अशी जाहीर ताकीद आयोगाला जानेवारी २०२२ मध्ये द्यावी लागली. ताकीद द्यावी लागली यातच काय ते आले.

मराठी भाषकांच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठी माध्यमातून शिकवते आणि वाणिज्याची पदवीही देते. परंतु राज्याच्या विद्यापीठाला दूरशिक्षणाची केंद्रे आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवता येतात. सुरतच्या कापडबाजारात पोट भरणाऱ्या खानदेशी तरुणाला वा हैदराबादेत स्थायिक झालेल्या मराठवाड्यातील कुटुंबाला दारात ‘नाशिकचे केंद्र’ असल्याचे कोणी सांगत असेल, तर त्याने तेथेच थांबावे. त्यांच्यासाठी १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे, ज्याचा व्याप देशभर आहे. मात्र तेथे मातृभाषेवर पाणी सोडावे लागते. हिशेबासारखा विषय परक्या भाषेतून शिकण्याचा भार कोणत्याही जाहिरातीत नमूद केलेला नसतो.

कसबाच्या बाजारात प्रश्न निराळा उभा राहतो. येथे विचारायचे ते हे की, शिकवणारा आणि परीक्षा घेणारा एकच आहे काय? स्वतः शिकवून, स्वतः तपासून, स्वतःच ‘उत्कृष्ट श्रेणी’ बहाल करणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्राची किंमत त्या संस्थेच्या भिंतींबाहेर फारशी राहत नाही. याउलट महाराष्ट्रात सहकार व लेखा पदविकेची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘जी.डी.सी. अँड ए.’ची परीक्षा राज्याचे सहकार खाते घेते. खाजगी वर्ग फक्त तयारी करून घेतात. परिव्यय लेखापालांची राष्ट्रीय संस्थाही लेखा तंत्रज्ञांसाठी प्रमाणपत्र परीक्षा घेते. अशा परीक्षांच्या पात्रतेच्या अटी वर्गाच्या माहितीपत्रकातून न वाचता मूळ अधिसूचनेतून वाचाव्यात.

आणि मग पाठ मागवावा. नमुन्याचा एक धडा दाखवण्यास जी संस्था का-कू करते तिला शुल्क देण्याचे कारण नाही. त्या धड्यात उधारीच्या खरेदीची नोंद, परत आलेल्या मालाची नोंद, घसारा, बँक जुळवणी पत्रक यांची हाताने सोडवायची उदाहरणे आहेत काय, आणि सोडवलेली वही तपासून चूक कोठे झाली हे सांगणारा कोणी माणूस पलीकडे आहे काय, हे पाहावे. नुसती चित्रफीत पाहून हिशेब येत नाही. दुरुस्तीचा खर्च यंत्रसामग्रीच्या खात्यात घातला तरी तेरीज बिनचूक जुळते आणि संगणक तक्रार करीत नाही. ती चूक पकडणारा शिक्षक लागतो. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोलीने द्विनोंदी पद्धत छापून प्रसिद्ध केली तेव्हापासून ही अडचण तशीच आहे.

सर्वांत मोठा घाव मात्र शुल्काच्या रूपाने बसतो. ‘बिनव्याजी हप्ते’ या गोंडस नावाखाली विद्यार्थ्याकडून ज्या कागदावर, आणि आता ज्या पडद्यावर, संमती घेतली जाते तो बहुतेक वेळा एका वित्तकंपनीच्या कर्जाचा करार असतो. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. ते व्याज किमतीत वा शुल्कात मिसळलेले असते. शिकवणी आवडली नाही, संस्थेने गाशा गुंडाळला, तरी हप्ता विद्यार्थ्याच्या खात्यातून कापला जातच राहतो, कारण धनको तिसराच असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी अशा डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाविना बाहेर पडण्याची सोय केली आहे. पण ती मुदत किती, हे विचारणारे विद्यार्थी थोडे आणि आपण होऊन सांगणारे दलाल त्याहून थोडे. शिवाय नोंदणीकृत खाजगी वर्गांच्या शुल्कावर १८ टक्के कर लागतो, तर मान्यताप्राप्त पदवीचे शिक्षण करमुक्त आहे. व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेला कर पुढे वळता करून घेता येतो, हे ज्या धड्यात शिकवले जाते, त्या धड्यावर शिकणाऱ्याने भरलेला कर मात्र त्याला कोठेच वळता करता येत नाही.

वस्तुतः हे सारे शिक्षण सार्वजनिक खर्चाने तयार झालेले आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची लेखाकर्माची पाठ्यपुस्तके त्याच्या ‘ई-ज्ञानकोशा’वर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’वर वाणिज्याचे अभ्यासक्रम विनाशुल्क शिकता येतात, परीक्षेपुरते पैसे भरावे लागतात. मग लोक खाजगी दुकानात का जातात? कारण सार्वजनिक संस्थेत पुस्तके उशिरा येतात, निकाल रेंगाळतो, केंद्रावर शंका विचारायला गेलेल्या कामगाराला रविवारी कुलूप दिसते, आणि कराच्या विवरणपत्रांचे प्रत्यक्ष काम शिकवणारा लहान, स्वस्त अभ्यासक्रम त्याच्या भाषेत मिळत नाही. ही पोकळी निधीअभावी आणि रिक्त जागांमुळे निर्माण झालेली आहे. खाजगी कंपन्यांची भरभराट तिच्यावरच पोसलेली आहे. अभ्यासकेंद्रे सुट्टीच्या दिवशी उघडी ठेवणे, वही तपासणारे शिक्षक नेमणे, सहा महिन्यांचा मराठी हिशेब-अभ्यासक्रम राज्याबाहेरील मराठी वस्त्यांपर्यंत नेण्यासाठी दोन विद्यापीठांनी हात मिळवणे, या मागण्या आवाक्याबाहेरच्या नाहीत.

तोवर कामगार संघटनांच्या कचेऱ्या आणि सार्वजनिक वाचनालये एक काम आजपासून करू शकतात. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची त्या वर्षाची यादी फलकावर लावावी, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या अनुभवी हिशेबनिसाने तेथे बसून प्रवेशाचे व कर्जाचे करारपत्र, सही होण्यापूर्वी, ओळीओळीने वाचून दाखवावे.