घरात बाईची दुसरी प्रत नसते

मैत्रिणींनो, ‘बायकांना झेपत नाही’ हे वाक्य आपण गिरणीत ऐकले, बँकेत ऐकले. आता संगणकाच्या क्षेत्रातही ऐकते आहे. मी करंजाडेला राहते आणि ऐरोलीला नोकरी करते. पंधरा वर्षे प्रचंड मोठे डेटाबेस सांभाळते. गेल्या वर्षी माझी बढती अडली. तोंडी कारण मिळाले, ‘रात्री तुम्ही नेहमी उपलब्ध नसता.’

हे काम काय, ते सांगते. आमची माहिती एका यंत्रावर नसते. ती शेकडो यंत्रांवर वाटलेली असते आणि प्रत्येक तुकड्याच्या बहुधा तीन प्रती ठेवतात. तिघांपैकी दोघांनी होकार दिला की नोंद पक्की. एखादे यंत्र कधीतरी बंद पडणारच, हे गृहीत धरूनच सगळी रचना केलेली असते. तरीही मोठा बिघाड झाला की ज्याची पाळी असेल त्याचा फोन वाजतो, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात.

माझा वाजला त्या रात्री मुलीला ताप होता. एका हाताने तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत मी काम निस्तरले. सकाळी डबे केले, रिक्षाने पनवेल स्टेशन गाठले आणि ठाण्याची लोकल पकडली. माझ्या सहकाऱ्याचाही फोन वाजतो. पण त्याचे मूल रडले तर उठणारी घरात असते. त्याची ‘उपलब्धता’ तिच्या जागरणावर उभी आहे आणि ते जागरण कोणत्याच वहीत नोंदले जात नाही. यंत्राच्या तीन प्रती ठेवणारे हुशार लोक घरचा सगळा भार एकाच बाईवर टाकून निश्चिंत झोपतात!

केंद्र सरकारच्या 2024च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा 88. न झेपण्याचे मूळ इथे आहे, बुद्धीत नाही. नॅन्सी लिंच यांनी दोन सहकाऱ्यांसह 1985मध्ये यंत्रांच्या एकमताच्या मर्यादा सिद्ध केल्या. बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1988मध्ये एका सहकाऱ्यासह, एक यंत्र पडले तरी बाकीच्या प्रतींनी काम कसे चालू ठेवावे, याची पद्धत मांडली. ज्या शास्त्राचा पाया घालण्यात बायका होत्या, त्यातच आम्हाला अपात्र ठरवता?

महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी, दारापर्यंत पोहोचवणारी गाडी हवी. पण माझी रात्रपाळी माझ्या अंथरुणापर्यंत येते. तिथे ही गाडी काय कामाची?

मी टिकले ती घरकाम करणाऱ्या ताईंमुळे. त्यांचे मूल आजारी पडले तर त्यांना हक्काची रजा नाही. माझी सुटका त्यांच्या खांद्यावर होणार असेल, तर ती सुटका नव्हे.

म्हणून मागणी साधी आहे. रात्रीच्या जागरणाला वेगळा मोबदला आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या, बाईला आणि पुरुषालाही. प्रत्येक पाळीला बदली माणूस नेमा. बढती कामावर ठरवा, जागरणावर नको. आणि घरातल्या पुरुषांनो, तापातल्या मुलीसाठी तुम्ही उठा.

मी हे कार्यालयात लेखी दिले आहे. उत्तर आलेले नाही. एकटीच्या अर्जाला उत्तर येत नसते. बायांनो, तुमचेही अर्ज जाऊ द्या.