पगार वाढला, पेन्शन जागेवरच: माळेगावच्या साखर कामगाराने निवृत्तीनंतर राहायचं कुठे?

जुलै 2025 मध्ये राज्यातल्या साखर कामगारांच्या पगारवाढीचा रखडलेला प्रश्न मार्गी लागला. कारखानदार, कामगार संघटना आणि सरकार यांच्या त्रिपक्षीय समितीत 10 टक्के वाढीवर एकमत झालं. बारामती-इंदापूर पट्ट्यासाठी ही मोठी बातमी होती. माळेगाव बुद्रुकला शिवनगरचा माळेगाव कारखाना, पलीकडे सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती. नीरा डाव्या कालव्याच्या या भागात अनेक घरांची चूल उसावर जेवढी चालते, तेवढीच कारखान्याच्या पगारावरही चालते.

पण जो कामगार आता निवृत्तीला आला आहे, त्याच्यासाठी या बातमीत एक मेख आहे. पगार 10 टक्के वाढला तरी त्याची पेन्शन बहुतेक वेळा एका रुपयानेही वाढत नाही. आणि पेन्शन किती हे एकदा कळलं, की पुढचा प्रश्न येतो: एवढ्यात म्हातारपण काढायचं तर राहायचं कुठे? गावात, बारामतीत की पुण्याला मुलाकडे?

पेन्शन का वाढत नाही?

सहकारी साखर कारखान्यातल्या कामगाराला सरकारी नोकरासारखी पेन्शन नसते. त्याला मिळते ती भविष्य निर्वाह निधीला जोडलेली कर्मचारी पेन्शन योजना, म्हणजे ईपीएस-95. ही योजना 16 नोव्हेंबर 1995 पासून सुरू झाली.

तिचं सूत्र सोपं आहे. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. गोम 'पेन्शनसाठी धरलेला पगार' या शब्दांत आहे. प्रत्यक्ष पगार कितीही असला तरी हिशेबात जास्तीत जास्त 15,000 रुपयेच धरले जातात. ही मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासूनची आहे. त्याआधीच्या नोकरीसाठी ती 6,500 रुपये होती.

एक उदाहरण घेऊ. समजा एक कामगार सप्टेंबर 1996 मध्ये कायम झाला आणि ऑगस्ट 2026 मध्ये 58 वर्षांचा झाला. म्हणजे 30 वर्षं नोकरी.

- 2014 पर्यंतची 18 वर्षं: 6,500 × 18 ÷ 70 = सुमारे 1,671 रुपये
- 2014 नंतरची 12 वर्षं: 15,000 × 12 ÷ 70 = सुमारे 2,571 रुपये

बेरीज 4,242 रुपये. वीस वर्षांहून जास्त नोकरी झालेल्यांना 2 वर्षं वाढवून मिळतात, ती धरली तर साधारण साडेचार हजार. पगार 30,000 असो की वाढीनंतर 33,000, पेन्शन हीच.

हंगामी कामगाराचं वर्ष पेन्शनसाठी पूर्ण धरलं जातं, मग तो हंगामाचे चार-पाच महिनेच कामावर असला तरी. हा त्यातला दिलासा. पण ग्रॅच्युइटी मोजताना कायम कामगाराला दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार मिळतो, तर हंगामी कामगाराला दर हंगामामागे 7 दिवसांचाच.

दोन गोष्टी आणखी लक्षात ठेवायला हव्यात. एक, या पेन्शनवर महागाई भत्ता नाही. आज जी रक्कम मंजूर होईल, तीच 20 वर्षांनीही येईल. दोन, पेन्शनधारक गेल्यावर पत्नीला निम्मी पेन्शन मिळते. म्हणजे साडेचार हजारांचे सव्वादोन हजार.

आंदोलनं झाली, मग अडलं कुठे?

या योजनेतली किमान पेन्शन 2014 मध्ये 1,000 रुपये ठरली. त्याआधी 2013 मध्येच भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीने किमान 3,000 रुपयांची शिफारस केली होती. हेच कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. पेन्शनधारकांची मागणी आता किमान 7,500 रुपये आणि त्यावर महागाई भत्ता अशी आहे. या आंदोलनात महाराष्ट्रातले निवृत्त साखर कामगार आणि एसटी कर्मचारी मोठ्या संख्येने उतरले.

पूर्ण पगारावर पेन्शन मिळण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2022 च्या निकालाने काहींसाठी उघडला होता. पण त्यासाठी अर्ज करायची मुदत 2023 मध्येच संपली.

मागणी मान्य झाली तर चांगलंच. मात्र निवृत्तीचं गणित 'होईल कदाचित' यावर मांडता येत नाही. ते हातात असलेल्या पैशावरच मांडावं लागतं.

खरी पेन्शन कुठली?

साखर कामगाराच्या हातात आयुष्यात एकदाच मोठी रक्कम येते. ती पीएफ आणि ग्रॅच्युइटीची. वरच्याच कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 30,000 रुपये असेल, तर 30 वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे 5 लाख 19 हजार होते. पीएफची शिल्लक प्रत्येकाची वेगळी, कारण घर, लग्न, आजारपणासाठी बरेच जण मध्येच पैसे काढतात. हिशेबासाठी दोन्ही मिळून 20 लाख धरू.

आता दोन रस्ते बघा.

पहिला रस्ता: 2 लाख अडीअडचणीला बँकेत आणि 18 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. एप्रिल 2023 पासून या योजनेचा व्याजदर 8.2 टक्के आहे. व्याज दर तिमाहीला मिळतं, मर्यादा 30 लाखांची. निवृत्तीचे पैसे असतील तर 55 वर्षांनंतरही खातं उघडता येतं, फक्त पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत उघडावं लागतं. 18 लाखांवर वर्षाला 1,47,600, म्हणजे महिन्याला 12,300 रुपये. त्यात पेन्शन मिळवली की 16,800.

दुसरा रस्ता: 15 लाख मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटसाठी दिले. उरले 5 लाख. त्यातले 2 लाख बाजूला ठेवून 3 लाख गुंतवले, तर महिन्याला 2,050 रुपये. पेन्शन धरून 6,550.

पतीच्या माघारी पत्नीचं काय? पहिल्या रस्त्यावर तिच्या हातात 14,550 रुपये राहतात, दुसऱ्यावर 4,300. त्यामुळे पोस्टाचं खातं दोघांच्या नावावर असणं किंवा पत्नी एकटी वारस म्हणून नोंदलेली असणं फार महत्त्वाचं. तसं असेल तर मुदत संपेपर्यंत तिला तेच खातं पुढे चालवता येतं.

अर्थात 16,800 ही रक्कमही कायम तेवढीच वाटणार नाही. महागाई वर्षाला 5 टक्के धरली, तर 15 वर्षांनी तिची किंमत आजच्या आठ हजारांएवढीच उरते. सगळं व्याज खर्च न करता सुरुवातीच्या वर्षांत थोडं मागे टाकण्याला म्हणूनच अर्थ आहे.

गाव, बारामती की पुणे?

16,800 रुपयांत दोन माणसं कुठे राहू शकतात, हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरतं: घरभाडं आहे की नाही.

माळेगावात स्वतःचं घर असेल तर भाडं नाही, सोसायटीचा मेंटेनन्स नाही. घरपट्टी, पाणीपट्टी आणि लाइटबिल एवढंच. ज्यांनी उभी नोकरी कारखान्याच्या वसाहतीत काढली आणि गावी घर बांधलं नाही, त्यांची अडचण मोठी. वसाहतीतली खोली नोकरीबरोबरच सुटते. अशांनी निवृत्तीच्या पाच-सात वर्षं आधी घराचा प्रश्न सोडवायला हवा, निवृत्तीनंतर नव्हे.

बारामती हा मधला मार्ग. माळेगावपासून जेमतेम आठ-दहा किलोमीटर. दवाखाने, बँका, बाजार हाताशी. पण तिथे भाड्याने राहायचं तर उत्पन्नाचा मोठा वाटा भाड्यातच जाईल, आणि विकत घ्यायचं तर निवृत्तीची पुंजी. वडिलोपार्जित घर सोडून जाण्याएवढं हे अंतर मोठं नाही.

पुण्याला मुलाकडे राहण्यात माया आहे, नातवंडं आहेत. तिथे भाडं द्यावं लागत नाही, पण स्वतःचं असंही काही नसतं. पटलं नाही तर परतायला गावचं घर आणि आपल्या नावावरचे पैसे असले, तर सासू-सुनेचं नातंही मोकळं राहतं. घर विकून गेलेल्याला परतीची वाट नसते. गावचं घर भाड्याने देऊन किंवा नुसतं कुलूप लावून वर्ष-सहा महिने पुण्यात राहून बघणं हा स्वस्तातला प्रयोग आहे.

थोडी जमीन असेल तर गावाचं पारडं आणखी जड होतं. पीएम-किसान आणि राज्याची नमो शेतकरी योजना मिळून पात्र कुटुंबाला वर्षाला 12,000 रुपये मिळतात. महिना 10,000 किंवा जास्त पेन्शन असणारे निवृत्त यातून वगळले आहेत. ईपीएसची पेन्शन तेवढी नसते, त्यामुळे निवृत्त साखर कामगार, प्राप्तिकर भरत नसेल तर, यात बसू शकतो.

श्रावणबाळ योजनेचं मात्र उलटं आहे. तिची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1,750. साडेचार हजार पेन्शनवाला तिच्यासाठी 'श्रीमंत' ठरतो.

दवाखान्याचं काय?

गावात राहायला लोक कचरतात ते मुख्यतः याच कारणासाठी. माळेगावची स्थिती राज्यातल्या बऱ्याच गावांपेक्षा बरी आहे. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. 70 वर्षं पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं.

पण या योजना दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहेत. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, तपासण्या, चष्मा, दात हा खर्च खिशातूनच होतो. जनऔषधी दुकानातली औषधं घेतली तर तो बराच कमी होतो.

पुण्याला मोठ्या दवाखान्यात जायची वेळ आली, तर एसटीत 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना आणि सर्व महिलांना अर्धं तिकीट आहे, 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत.

घर मुलाच्या नावावर करावं का?

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला-मुलीला बक्षीसपत्राने द्यायची असेल, तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. काम इतकं स्वस्त आणि सोपं असल्यामुळे 'आत्ताच करून टाकू' असं घरात सहज ठरतं. पण बक्षीसपत्र झालं की मालकी त्याच दिवशी जाते.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम 23 नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मात्र डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट असणं आवश्यक असल्याचं सांगितलं. जानेवारी 2025 मधल्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने, उदारपणे लावायला हवा असंही म्हटलं. तरी शहाणपण अट लिहून घेण्यातच आहे. शिवाय या कायद्यात ज्येष्ठ म्हणजे 60 पूर्ण झालेली व्यक्ती, हेही 58 व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याने विसरू नये.

याहून साधा उपाय मृत्युपत्राचा. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही, आणि हयात असेपर्यंत ते कधीही बदलता येतं. घर शेवटी मुलांनाच मिळतं, फक्त आई-वडिलांच्या माघारी.

मुलाला मदत करूच नये, असा याचा अर्थ नाही. घराला घर उभं करायला हातभार लावणं ही आपल्याकडची रीतच आहे. पण मदतीचा आकडा ठरवण्याआधी दुसरा एक आकडा काढावा: मागे राहिलेल्या पत्नीला महिन्याला किती लागतील? तेवढे पैसे आणि डोक्यावरचं छप्पर बाजूला काढून जे उरेल, ते मुलाचं. पीएफचा अर्ज भरण्याआधी नवरा-बायकोने एकत्र बसून हा हिशेब कागदावर मांडावा. कारण पेन्शनचा आकडा दिल्लीत ठरतो, पण हा घरातच ठरवता येतो.